पाच मिनिटं, एक चिठ्ठी आणि सेनेगलची माकडं

आमच्या फ्रिजवर लाइट बिल, गॅसवाल्याचा नंबर आणि शिर्डीचं मॅग्नेट ह्यांच्या गर्दीत एक चिठ्ठी लावलेली आहे, चार वर्षं झाली. वर "अमूला फिट आली तर" असं आईच्या अक्षरात, खाली माझ्या अक्षरात: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटं झाली की नाकात स्प्रे आणि गाडी काढा. त्यातल्या ५ ला आईने लाल पेनाने तीनदा गोल केलाय, तो गोल आता फाटायला आलाय.

अमू म्हणजे माझा धाकटा भाऊ, आता सव्वीस वर्षांचा, घोडा झालाय पण घरात अमूच. ही पोस्ट खरं तर त्याच्याबद्दल नाहीये, त्या पाचाबद्दल आहे. मी बीफार्म करून एका औषध कंपनीत फायली पुढे ढकलायचं काम करते, औषधाच्या डब्यातला तो घडी घातलेला कागद असतो ना, जो कोणी वाचत नाही, तो मी पगार घेऊन वाचते. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की हा कुठून आला असं डोक्यात येतंच. पाचच का? सात का नाही? कोणीतरी ठरवलं असेल ना.

आधी ती रात्र थोडक्यात सांगते. चार वर्षांपूर्वी, सांगलीला घरी, पहाटे साडेतीन. अमूला फिट्स आधीपासून आहेत पण त्या दीड-दोन मिनिटांच्या, येतात, जातात, मग तो तासभर झोपतो. त्या रात्री थांबेचना. शेजारचे सगळे आले, कोणी चप्पल हुंगवायला धावलं, कोणी कांदा फोडून आणला, एका काकांनी हातात चाव्यांचा जुडगा कोंबला, एका काकूंनी दातात चमचा घालायचा प्रयत्न केला आणि एक दात टवका उडून गेला तो आजही तसाच आहे. सगळी माणसं चांगली हो, जीव टाकणारी. पण घड्याळ कोणीच बघत नव्हतं, मीही नाही. पहिल्या दवाखान्यात (नाव नको) सांगितलं की होईल शांत, थोडा वेळ बघू. दुसरीकडे पोचेपर्यंत, मोबाइलवरच्या कॉलच्या वेळांवरून नंतर हिशोब केला तेव्हा, चाळीस मिनिटांच्या वर गेलेली.

तिथल्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी इंजेक्शनं दिली, मग आयसीयू, मग व्हेंटिलेटर. आणि मग एक गोष्ट झाली जी मला तेव्हा अजिबात कळली नाही. अमूचं अंग एकदम शांत झालं होतं, आई देवाला हात जोडत होती, आणि मॅडम म्हणाल्या ईईजी लावा (डोक्याला तारा चिकटवून मेंदूतला करंट बघतात, ते). मी म्हटलं मॅडम, थांबली ना फिट आता. तर त्या म्हणाल्या, "ताई, अंग थांबलंय. डोकं थांबलंय का ते बघायचंय."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. आठवडाभराने अमू घरी आला, बोलायला लागला, पोह्यात मीठ कमी आहे म्हणाला, तेव्हा मी रडून घेतलं आणि मग वाचायला बसले. वाचता वाचता ब्रायन मेल्ड्रम नावाच्या माणसापर्यंत पोचले.

मेल्ड्रम लंडनचा, डेन्मार्क हिलला इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री आहे तिथला. फार गाजलेलं नाव नाही हे, निदान आपल्याकडे तरी नाही. पण मॅडमनी जे वाक्य टाकलं त्याच्या मुळाशी हाच माणूस आहे.

मुळात भांडण जुनं होतं. १८८० साली झोमर नावाच्या जर्मन डॉक्टरने लिहून ठेवलेलं की अपस्मार असलेल्या माणसांच्या मेंदूत, मृत्यूनंतर बघितलं तर, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात एका ठरावीक पट्ट्यातल्या पेशी गायब असतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला, आठवणी साठवायला लागतो तो भाग, आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून नाव तसं. तो पट्टा आजही झोमरच्या नावानेच ओळखतात. आता प्रश्न असा की फिट येते म्हणून त्या पेशी मरतात, की पेशी आधीच मेलेल्या असतात म्हणून फिट येते? कोंबडी आधी का अंडं. आणि फिटमुळे मरत असतील तर नेमक्या कशाने? १९२० च्या दशकात श्पिलमायर म्हणाला की रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्त पोचत नाही, म्हणून. हे पटण्यासारखंच आहे, फिट आलेल्या माणसाकडे बघितलंय त्याला विचारा, ओठ निळे होतात, श्वास अडकतो, अंग तापतं. कोणालाही वाटेल की हवा नाही मिळाली म्हणून मेंदूचं नुकसान झालं. आमच्या शेजारच्या काकांनाही तेच वाटलं असणार, खिडक्या उघडा म्हणून ओरडत होते.

मेल्ड्रमने आणि ब्रायर्ली नावाच्या न्यूरोपॅथॉलॉजिस्टने हे बबूनवर तपासलं. बबून म्हणजे आफ्रिकेतली ती लांब तोंडाची माकडं. सेनेगलच्या दक्षिणेला कासामान्स म्हणून भाग आहे, तिथल्या पापिओ पापिओ जातीच्या बबूनांना डोळ्यांसमोर लाइट झपाझप लुकलुकवला की आपोआप फिट येते, हे १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये नाके आणि अमेरिकेचे किलम ह्यांनी शोधलं होतं. काही माणसांना टीव्हीच्या लुकलुकीने येते तशीच. मेल्ड्रमने ह्या लुकलुकीवाल्या बबूनांवरही वर्षानुवर्षं काम केलं, औषधं तपासली. पण पेशींच्या प्रश्नासाठी त्याने बबूनांना बायकुक्युलिन दिलं. हे औषध मेंदूतला ब्रेक काढून टाकतं (ब्रेक म्हणजे गाबा नावाचं रसायन, त्याच्यावर पुढे येते), त्यामुळे फिट चालू होते आणि चालूच राहते. ८२ मिनिटांपासून जवळजवळ पाच तासांपर्यंत. १९७३ चा रिसर्च पेपर आहे. वाचताना मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं. एकतर ती माकडं, आणि दुसरं म्हणजे त्यात जे टप्पे लिहिलेत ते मी डोळ्यांनी बघितलेले होते. आधी ब्लड प्रेशर वर जातं, साखर वर जाते, रक्तात आम्ल वाढतं, शरीर जीव तोडून मेंदूला पुरवठा करतं. मग साधारण पंचवीस-तीस मिनिटांच्या आसपास गाडी उलटी फिरते, प्रेशर पडायला लागतं, साखर उतरते, ताप चढत जातो. शरीर हरायला लागतं म्हणा ना. नंतर मेंदू तपासला तर पेशी मेलेल्या, कॉर्टेक्समध्ये (म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात), छोट्या मेंदूत, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये झोमरने सांगितलेल्याच जागी.

इथपर्यंत कोणी म्हणेल, बरोबरच आहे, हवा-साखर-ताप ह्याने मेल्या. मेल्ड्रमची खरी चलाखी पुढच्या प्रयोगात आहे, त्याच वर्षीचा. त्याने बबूनांना स्नायू पूर्ण लुळे करणारं औषध दिलं आणि व्हेंटिलेटरवर घातलं. म्हणजे अंगाचा झटका शून्य, ऑक्सिजन पुरेसा, ताप नाही, सगळं आटोक्यात. बाहेरून बघणाऱ्याला माकड शांत झोपलंय. पण आत ईईजीवर फिट धो धो चालू, कित्येक तास. आणि शेवटी मेंदू बघितला तर छोटा मेंदू बऱ्यापैकी वाचला होता, एकूण नुकसानही कमी होतं, पण कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी तरीही मेल्या होत्या.

म्हणजे हवेचा वाटा आहेच, पण हवा नीट असूनही पेशी मरतात. स्वतःच्याच करंटने. अंग थांबलंय, डोकं थांबलंय का ते बघायचंय. मॅडमच्या त्या एका वाक्यात हा अख्खा प्रयोग होता आणि मला वाटलेलं त्या बिल वाढवतायत. (हो, वाटलं होतं. आयसीयूच्या बाहेर बसलं की माणसाला असलं वाटतं.)

मग पेशी स्वतःच्या करंटने मरते म्हणजे काय होतं, हे मला समजलं तेवढं सांगते. मेंदूत पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात. ग्लुटामेट म्हणजे ऍक्सिलरेटर आणि गाबा म्हणजे ब्रेक. ग्लुटामेट हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे, अजिनोमोटोमधलं ग्लुटामेट तेच. अमेरिकेत सेंट लुइसला जॉन ओल्नी होता त्याने १९६९ मध्ये पिल्लू उंदरांना हे मोनोसोडियम ग्लुटामेट टोचलं आणि दाखवलं की मेंदूतल्या पेशी मरतात, आणि त्या उत्तेजित होऊन होऊन मरतात ही कल्पना त्याची, एक्सायटोटॉक्सिसिटी हा शब्दही त्याचाच. लगेच शेझवान राइस फेकून देऊ नका, ते नवजात उंदीर होते आणि डोस भलताच होता, मोठ्या माणसाच्या मेंदूला रक्तातल्या ग्लुटामेटपासून वाचवणारी भिंत असते. पण मेंदूच्या आतच, पेशींनी स्वतः ग्लुटामेट ओतत राहायला सुरुवात केली तर भिंतीचा काय उपयोग, चोर घरातलाच.

लांबलेल्या फिटमध्ये तेच होतं. ग्लुटामेट ओतलं जातं, समोरच्या पेशीवर एनएमडीए नावाचे दरवाजे असतात ते उघडतात, त्यातून कॅल्शियम आत घुसतं. थोडं कॅल्शियम चांगलंच, त्याच्याशिवाय आठवणही तयार होत नाही. पण दरवाजा उघडाच राहिला तर पेशीच्या आतले मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम गिळून गिळून फुगतात, पेशी तोडणारी एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी आतून स्वतःला खाते. मेल्ड्रमच्या ग्रुपने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये फिटच्या वेळी हे साठलेलं कॅल्शियम मायक्रोस्कोपखाली दाखवलं, नेमकं त्याच पेशींमध्ये ज्या पुढे मरतात.

हे वाचलं आणि साहजिक पुढचा विचार माझ्याही डोक्यात आला, तो त्यांच्या डोक्यात १९८२ मध्येच आलेला. दरवाजालाच कुलूप लावलं तर? क्राउचर, कॉलिन्स आणि मेल्ड्रम ह्यांचा 'सायन्स' नावाच्या जर्नलमधला पेपर. उंदरांची एक जात आहे, डीबीए/२, त्यांची पिल्लं तीन आठवड्यांची असताना जोरात घंटा वाजवली की पळत सुटतात आणि फिट येते. एनएमडीए बंद करणारं रसायन त्यांच्या मेंदूत दिलं आणि घंटा वाजवली, फिट आली नाही. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, सायमन आणि मेल्ड्रम वगैरेंनी त्याच रसायनाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचा रक्तपुरवठा तोडल्यावर होणारं नुकसानही कमी करून दाखवलं. म्हणजे एकाच कुलपाने फिटही थांबते, पेशीही वाचते आणि वर स्ट्रोकमध्येही उपयोग. तो काळ कसा असेल बघा, सगळ्या मोठ्या कंपन्या ह्याच्या मागे लागल्या. माझ्या धंद्यातली माणसं, मला कल्पना करता येते, किती पॉवरपॉइंट झाले असतील. बरं, तेव्हा पॉवरपॉइंट नव्हतं, स्लाइड प्रोजेक्टर.

आणि मग माणसांवर आल्यावर सगळं आपटलं. १९९३ मध्ये आठ पेशंटवर असलंच एक औषध वापरून बघितलं, आठच्या आठ जणांनी साइड इफेक्टमुळे मध्येच सोडलं, चक्कर, गोंधळ, झापड. स्ट्रोकसाठी सेलफोटेल नावाच्या औषधाची मोठी ट्रायल थांबवावी लागली, भ्रम व्हायचे, माणसं बिथरायची, फायदा तर नाहीच. कारण उघड आहे मागे वळून बघितलं तर. त्याच दरवाजातून आपण शिकतो, आठवतो, शुद्धीवर असतो. चोर येतो म्हणून घराचं दारच विटांनी बंद केलं तर घरातली माणसं जगणार कशी.

मला इथे मेल्ड्रमबद्दल आदर जास्त वाटतो, कमी नाही. त्याचं औषध फसलं, पण त्याने शोधलेलं गणित बरोबर निघालं. आणि ते कुलूप अगदीच वाया गेलं नाही, कुठल्याच औषधाला दाद न देणारी फिट आयसीयूत असते तेव्हा आता केटामिन देतात, तेही एनएमडीएच बंद करतं. अमूला द्यायची वेळ आली नाही पण मॅडमच्या यादीत ते पुढचं होतं. शिवाय ग्लुटामेटचा दुसरा दरवाजा असतो, एएमपीए, तो बंद करणारं पेरॅम्पॅनेल २०१२ मध्ये मान्य झालं आणि आज मेडिकलमध्ये मिळतं, अमू तेच घेतो रात्रीचं, आणि घेतल्यावर चिडचिड करतो, ते पण त्या घडीच्या कागदात लिहिलेलं आहे, मी त्याला वाचून दाखवलं तर जास्तच चिडला.

आता पाच. आधी पुस्तकांमध्ये ५ नव्हतंच, ३० होतं. फिट अर्धा तास चालली तर स्टेटस एपिलेप्टिकस म्हणायचं, आणि ह्या अर्ध्या तासाला आधार कशाचा, तर बऱ्याच प्रमाणात त्याच बबूनांचा, गाडी उलटी फिरते तो टप्पा. म्हणजे नुकसान कधी सुरू होतं त्याचा आकडा होता तो, पण लोक तो उपचार कधी सुरू करायचा असा वाचायला लागले. घर जळायला अर्धा तास लागतो म्हणून अग्निशमनवाल्यांना अर्ध्या तासाने फोन करण्यासारखं आहे हे. १९९९ मध्ये लोवेनस्टाइन आणि इतरांनी सांगितलं की साधी झटक्याची फिट एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, पाच मिनिटांत थांबली नाही तर ती बहुतेक आपण होऊन थांबणार नाही, तेव्हा पाचला उठा. मग २०१५ मध्ये अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, ५ मिनिटांना उपचार, ३० मिनिटांना नुकसानाची भीती. माझ्या फ्रिजवरचा ५ हा असा आला.

आणि उशीर केला की औषधही लागू पडत नाही, हे मला सगळ्यात भयानक वाटलं. लॉस एंजेलिसला वॉस्टरलेन नावाचे डॉक्टर, त्यांच्या ग्रुपने उंदरांमध्ये दाखवलं की फिट लांबत गेली की पेशी आपल्या अंगावरचे गाबाचे रिसेप्टर, म्हणजे ब्रेकची पेडल्स, आत ओढून घेते, आणि एनएमडीएचे दरवाजे उलट बाहेर आणून ठेवते. ब्रेक कमी, ऍक्सिलरेटर जास्त. मिडाझोलाम, लोराझेपाम ही सगळी औषधं ब्रेकवरच पाय देणारी, पेडलच जागेवर नसेल तर पाय कुठे देणार? म्हणून पहिल्या दहा मिनिटांतला छोटा डोस जे करतो ते चाळिसाव्या मिनिटाला तीन इंजेक्शनं करत नाहीत. २०१२ ची अमेरिकेतली रॅम्पार्ट ट्रायल आहे, ऍम्ब्युलन्समध्येच केलेली, मांडीत टोचलेलं मिडाझोलाम विरुद्ध शिरेतून दिलेलं लोराझेपाम. हॉस्पिटलला पोचेपर्यंत फिट थांबलेली होती मिडाझोलामवाल्यांची ७३ टक्के, शिरेवाल्यांची ६३. औषध भारी म्हणून नाही, हलणाऱ्या माणसाची शीर शोधण्यात वेळ जात नाही म्हणून. नाकातला स्प्रे हा त्याच विचाराचा घरगुती भाऊ.

ह्या सगळ्यात मला खरं जे विचारायचं होतं ते मी मॅडमना तीन महिने विचारलंच नव्हतं. फॉलोअपला एकदा अमू बाहेर कॅन्टीनला गेला तेव्हा विचारलं. म्हटलं मॅडम, त्या चाळीस मिनिटांत त्याच्या किती पेशी गेल्या? त्यांनी एमआरआय लावला स्क्रीनवर. डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा बारीक. पोटात गोळा आला माझ्या. तर म्हणाल्या, हा आधीच्या, सहा वर्षांपूर्वीच्या एमआरआयमध्येही असाच आहे, तेव्हा कोणी नीट बघितला नव्हता. लहानपणी तापात लांबलेली फिट आली होती का? मी घरी फोन लावला. आई म्हणाली, दीड वर्षाचा होता, आत्याच्या लग्नात, ताप होता, बराच वेळ डोळे फिरवले होते, मग आजीने अंगारा लावला आणि थांबलं. किती वेळ? बराच वेळ. झोमरपासून चालू असलेलं कोंबडी-अंड्याचं भांडण अमूच्या डोक्यात अजून चालूच आहे म्हणायचं, ती तापातली फिट आधी की तो बारीक भाग आधी, आणि मॅडमही म्हणाल्या की आता मागे जाऊन हे कोणी सांगू शकणार नाही. "जे पुढचं आहे ते आपल्या हातात आहे, आणि दोन मिनिटांच्या फिटने मेंदू वाया जात नाही, आईंना तेवढं नक्की सांगा."

आईला सांगितलं. आईला त्यापेक्षा आत्याच्या लग्नाचं वाईट वाटलं, की आपण तेव्हा घड्याळ का नाही बघितलं. तिला म्हटलं अगं तेव्हा डॉक्टरसुद्धा ३० मिनिटंच धरत होते.

अमूला मी बबूनांची गोष्ट सांगितली एकदा, वाटलं त्याला इंटरेस्टिंग वाटेल. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला त्यांना कोणी कुशीवर वळवलं नसेल ना. मला उत्तर सुचलं नाही, मी चहा टाकला. खरं सांगायचं तर मला अजूनही ठरवता येत नाही ह्याचं काय करायचं, भाऊ समोर बसून चहात पार्ले बुडवतोय तो थोडाफार त्या माकडांमुळे, हे मान्य करूनही त्या पेपरातले फोटो मी परत उघडलेले नाहीत.

बाकी लोकांची पण गंमत आहे. घरात फिट म्हणायचं, बाहेर "त्याला जरा चक्कर येते". लग्नाचं बघताना तर विषयच काढायचा नाही. १९९९ पर्यंत आपल्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराच्या झटक्यांवरून लग्न रद्द होऊ शकायचं, ते त्या वर्षी काढलं कायद्यातून. पाच मिनिटांचा नियमही १९९९ चाच, योगायोग आहे फक्त, पण मला आवडतो. अमू आता सरळ सांगतो सगळ्यांना, ऑफिसमध्ये त्याच्या डेस्कवर पण चिठ्ठी आहे, त्यावर त्याने स्वतः एक ओळ वाढवलीये: चप्पल स्वतःच्या पायात ठेवा.

मागच्या महिन्यात आली होती एक, रविवारी दुपारी, वरण-भात खाताना. आईने ताट सरकवलं, कुशीवर घेतला, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावला, शेजारच्या काकू आल्या त्यांनी नुसता पंखा फुल केला आणि बाजूला बसल्या (चमचा नाही! प्रगती आहे). उठल्यावर अमूने डोळे उघडून पहिलं विचारलं, किती? म्हटलं एक मिनिट पन्नास. "मग काय," म्हणाला आणि परत झोपला.

स्प्रे तसाच राहिला, पॅकबंद. त्याची एक्सपायरी ह्या महिनाअखेरची आहे, नवीन आणायचाय, आणि मेडिकलवाला नवीन प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाही त्यामुळे मॅडमची अपॉइंटमेंट आली. चिठ्ठीपण नवीन लिहायला पाहिजे, ती फाटायला आलीये.